नैसर्गिक निवडीने माणसाचं वागणं कितपत समजतं? अकरावी-बारावीच्या मुलांपुढे मांडायचंय

खाडीकाठ (नौपाडा, ठाणे प.)

नमस्कार. आमच्या वाचनगटातर्फे मे महिन्यात अकरावी-बारावीच्या वीस-पंचवीस मुलांसाठी दीड तासाचं सत्र घ्यायचं आहे. विषय उत्क्रांती आणि माणसाचं वर्तन. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा मुलांनी केलेला असतो. त्यामुळे जीवाश्म, अवशेषांगे, डार्विन, लामार्क एवढं त्यांना ठाऊक आहे. पण तो धडा शरीरापाशी थांबतो.

माझे प्रश्न असे. निवडीचा परिणाम जनुकांत साठत असेल, तर भीती, माया, राग यांच्यापर्यंत ती पोचते कशी? आप्तांसाठी झीज सोसण्याचा हिशोब नेमका कसा मांडायचा? साप आणि गोड ही नेहमीची उदाहरणं कितपत टिकतात? आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न: कुठल्याही वागण्यामागे ‘जंगलात राहत होतो तेव्हा याचा फायदा होता’ असं म्हणता येतं. मग खरं स्पष्टीकरण आणि रचलेली गोष्ट यांतला फरक मुलांना कसा दाखवायचा? आपल्याकडची, त्यांच्या रोजच्या पाहण्यातली उदाहरणं मिळाली तर फार बरं होईल.

कांदळवन (ऐरोली)

पहिल्या प्रश्नाला जास्त वेळ द्या, बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

वागणं जसंच्या तसं वारशाने येत नाही. जनुकांवरून प्रथिनं बनतात, त्यांच्या मदतीने मज्जासंस्था घडते, आणि ती मज्जासंस्था काही ठोकताळे घेऊन जन्माला येते: अमुक खूण दिसली की अमुक कर. काही ठोकताळे तयार असतात, काही झटकन शिकण्याची नुसती तयारी असते. निवड होते ती या ठोकताळ्यांची. अटी चोचीच्या आकाराला लागतात त्याच: व्यक्तीव्यक्तीत फरक हवा, त्यातला काही भाग आनुवंशिक हवा, आणि त्यामुळे मागे राहणाऱ्या संततीच्या संख्येत फरक पडायला हवा. तिन्ही गोष्टी असतील तर वर्तनही बदलतं, त्याला वेगळा नियम लागत नाही.

हे दाखवायला कावळा आणि कोकीळ यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही, आणि मे महिन्यात ते मुलांच्या खिडकीबाहेरच चाललेलं असतं. कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. नर ओरडून कावळ्यांना स्वतःच्या मागे लावतो, तेवढ्यात मादी काम उरकते. कोकिळेचं पिल्लू सहसा कावळ्याच्या पिल्लांच्या आधी अंड्यातून बाहेर येतं आणि चाऱ्यात पुढे राहतं. कावळा त्याला मन लावून भरवतो. इथे थांबून मुलांना विचारा: आपली जनुकं पुढे जावीत अशी कावळ्याची इच्छा असती, तर त्याने परक्या पिल्लाला भरवलं असतं का? तशी इच्छा त्याच्या डोक्यात कुठेच नाही. तिथे आहे तो ठोकताळा: माझ्या घरट्यात जो चोच वासून ओरडतोय त्याला भरव. अगणित पिढ्या बहुतेक घरट्यांत तो ओरडणारा जीव स्वतःचाच होता, म्हणून ठोकताळा टिकला. कोकीळ त्याच्याच फटीतून आत शिरते.

‘मग कावळा परकं अंडं ओळखायला का शिकला नाही?’ हा प्रश्न हमखास येईल. दोन उत्तरं आहेत, दोन्ही सांगा. एक, निवडीला वेळ लागतो आणि कावळा अजून मागे असेल. दुसरं जास्त विचार करायला लावणारं आहे. ओळखण्यातही चुका होतात. दोन्ही अंडी दिसायला जवळची असली आणि कोकिळेने गाठलेली घरटी थोडी असली, तर संशयावरून अंडं ढकलणारा कावळा बहुतेक वेळा स्वतःचंच अंडं फोडेल. अशा वेळी फसणं परवडतं. कुठल्या यजमान पक्ष्याला कुठलं उत्तर लागू पडतं हे बसल्या जागी ठरवता येत नाही. किती टक्के घरट्यांत परकी अंडी आहेत आणि ती किती जुळतात, ते मोजावं लागतं.

आता माणूस. लेकराचं रडणं ऐकून आईबापांचा जीव कासावीस होतो तेव्हा त्यांच्याही डोक्यात जनुकांचा हिशोब नसतो. माया खरीच असते. ती वाटण्याची यंत्रणा का टिकली, एवढंच निवड सांगते. मुलं या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि ‘म्हणजे प्रेम हा स्वार्थच’ असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. तो तिथल्या तिथे खोडून काढा.

यासाठी प्राणीवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ साली मांडलेले चार प्रश्न फळ्यावर लिहा (त्यांना पुढे १९७३ साली लोरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं). गोडाच्या आवडीवर चारही लावून दाखवा. यंत्रणा कोणती? जिभेवरचे गोड ओळखणारे ग्राही आणि मेंदूतलं समाधानाचं जाळं. आयुष्यात केव्हा आणि कशी येते? जन्मल्यापासून, गोड थेंबाने नवजात बाळाचा चेहरा खुलतो, कडू थेंबाने आक्रसतो. टिकली कशासाठी? पिकलेलं फळ आणि मध म्हणजे दुर्मीळ उष्मांक. वंशात कुठून आली? फळं खाणाऱ्या इतर वानरकुळातही ती आहे. उलट मांजरांमध्ये गोड ओळखणाऱ्या ग्राहीचं एक जनुक मोडलेलं आहे, म्हणून त्यांना गोड कळत नाही. चारही उत्तरं एकाच वेळी खरी असतात. ‘ते डोपामिनमुळे (मेंदूतल्या एका रसायनामुळे) होतं, उत्क्रांतीमुळे नव्हे’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे. त्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन तिसरा प्रश्न खोडलेला असतो.

गुणसूत्र (वाशी)

आप्तांच्या हिशोबाबद्दल लिहितो.

जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९६४ साली मांडलेला नियम असा: नात्याचा गुणांक गुणिले घेणाऱ्याचा फायदा हा देणाऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर मदत करायला लावणारं जनुक पसरतं. फायदा आणि किंमत दोन्ही संततीच्या संख्येत मोजायची. सख्खं भावंड १/२, सावत्र भावंड (आई किंवा वडील एकच असलेलं) १/४, काका-पुतण्या किंवा मामा-भाचा १/४, चुलत-मामे-मावस-आते भावंडं १/८. एका मदतीने समोरच्याची तीन मुलं जास्त जगणार आणि माझं एक कमी होणार असेल, तर सख्ख्या भावासाठी ३ × १/२ = १.५, म्हणजे एकापेक्षा जास्त. चुलतभावासाठी ३/८, म्हणजे कमी. फळ्यावर दोन मिनिटांत होतं. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी मी नदीत उडी टाकीन, असं जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन म्हणाल्याचं सांगतात, ते हेच गणित. हे हाल्डेन १९५७ साली ब्रिटन सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि १९६४ सालीच भुवनेश्वरला वारले. मुलांना हे सांगावं, विषय परका वाटत नाही.

दोन ठिकाणी गाडी घसरते. ‘सगळ्या माणसांचा ९९.९ टक्के डीएनए सारखाच असतो, मग भावाशी नातं निम्मंच कसं?’ हा गुणांक एकूण साम्याचा नाहीच. समाजातल्या कुठल्याही दोन माणसांत सरासरी जेवढं साम्य असतं त्याच्या वर, एकाच पूर्वजाकडून आल्यामुळे जी जादा शक्यता असते तिचा तो आकडा आहे.

दुसरी चूक म्हणजे माणूस हे अपूर्णांक मनात करतो असं समजणं. कांदळवन यांनी म्हटलेला ठोकताळा इथेही आहे. भाऊ कोण, हे शरीर कसं ओळखतं? ज्याला आपल्या आईने अंगावर पाजताना पाहिलं तो, आणि ज्याच्यासोबत लहानपण एका घरात गेलं तो. या दोन खुणा बऱ्याच अभ्यासांत पुढे आल्या आहेत. समाजशास्त्रज्ञ वेस्टरमार्क यांनी १८९१ साली म्हटलं होतं की बालपण एकत्र काढलेल्यांना मोठेपणी एकमेकांविषयी शारीरिक ओढ वाटत नाही. इस्रायलच्या किबुत्झ वसाहतींत नात्याबाहेरची मुलं एकाच बालगटात वाढत. तिथली अडीच हजारांहून जास्त लग्नं तपासली तेव्हा सुरुवातीची सहा वर्षं सलग सोबत वाढलेल्यांची जोडपी जवळजवळ सापडलीच नाहीत. तैवानमध्ये पूर्वी भावी सुनेला तान्हेपणीच घरात आणून वाढवत. त्या लग्नांत मुलं कमी आणि घटस्फोट जास्त, असं आर्थर वुल्फ यांनी नोंदींवरून दाखवलं. दोन्हीकडे रक्ताचं नातं नाही, तरी खूण मिळाली आणि ठोकताळा लागू झाला. स्पष्टीकरणाची ताकद इथे दिसते. ठोकताळा कुठे चुकेल हे आधी सांगता आलं पाहिजे, आणि तो तिथेच चुकला पाहिजे.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, किंबहुना हक्काचं मानलं जातं. आत्याच्या मुलीशी बहुतेक ठिकाणी चालत नाही. चुलत आणि मावस बहिणीशी तर विचारही नको. आणि चौघींशी नातं तेवढंच, १/८. होणाऱ्या मुलांचा अंतःप्रजनन गुणांकही (आई-वडील दोघांकडून एकाच पूर्वजाची तीच जनुक-प्रत येण्याची शक्यता) तोच, १/१६, आणि गंभीर जन्मजात आजाराच्या नेहमीच्या धोक्यात पडणारी साधारण दोन-तीन टक्क्यांची भरही तीच. जनुकांवरून हा नियम निघत नाही. चुलत भावंडं एका वाड्यात वाढतात, तेव्हा तिथे वेस्टरमार्क लागू पडेल. पण मावसबहीण दुसऱ्या गावी वाढते, तरी ती बहीणच. तिथे वेस्टरमार्क कमी पडतो आणि नातेसंबंधांची रचना पाहावी लागते: मावशी आईच्या जागी, म्हणून तिची मुलं भावंडं. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेरचनांचा पट मांडला, त्यात महाराष्ट्र उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पद्धतींमधला दुवा म्हणून येतो. हे एकच उदाहरण नीट घेतलंत तर उत्क्रांतीने काय समजतं आणि काय समजत नाही, दोन्ही त्यात आहे.

रानमेवा (कोपरी, ठाणे पू.)

साप आणि खाणं या दोन्हींबद्दल. प्रचलित मांडणी अर्धवट आहे.

‘सापाची भीती उपजत असते’ असं सरसकट म्हणू नका. प्रयोगशाळेत वाढलेली, साप कधी न पाहिलेली रीसस माकडं सापाला फारशी भीत नाहीत. दुसरं माकड सापाला घाबरतंय असं त्यांना दाखवलं की ती लगेच भ्यायला लागतात. कुक आणि मिनेका यांनी १९८९ साली पुढची पायरी केली. चित्रफीत जोडून तेच घाबरणारं माकड कधी खेळण्यातल्या सापासमोर किंवा मगरीसमोर दाखवलं, तर कधी फुलांसमोर किंवा खेळण्यातल्या सशासमोर. पाहणारी माकडं साप-मगरीची भीती शिकली, फुलांची आणि सशाची नाही. उपजत काय आहे तर शिकण्याची तयारी, तीही ठरावीक आकारांसाठी. अन्नाच्या बाबतीत गार्सिया यांनी १९६६ साली उंदरांवर दाखवलं ते याच जातीचं. मळमळ झाली तर उंदीर चवीला दोष देतो, विजेचा झटका बसला तर प्रकाश-आवाजाला. उलट जोडी त्याला शिकवता येत नाही.

भीती इतक्या सहज का चाळवते, याला रँडॉल्फ नेसी यांनी धूर ओळखणाऱ्या यंत्राची उपमा दिली आहे. सोसायटीच्या जिन्यात बसवलेलं हे यंत्र फोडणीच्या धुरानेही वाजतं, आणि ते तसंच लावलेलं असावं लागतं. आकडे घालून दाखवा. उगाच दचकून पळण्याची किंमत १ धरा, साप असताना न पळण्याची ५००. मग साप असण्याची शक्यता ५०० मध्ये १ पेक्षा जास्त झाली की पळणं फायद्याचं. म्हणजे त्या सीमेवर ५०० पैकी ४९९ वेळा भीती खोटी निघेल आणि तरी यंत्रणा बरोबर असेल. (आकडे निव्वळ समजण्यासाठी आहेत, हे मुलांना सांगा.) येऊरच्या जंगलातल्या पायवाटेवर वाळकी फांदी पाहून पाय मागे येतो, तो याच हिशोबाने.

भारतात सर्पदंशाने २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० माणसं गेली, असा अंदाज आहे. म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची भीती आजही बिनबुडाची नाही. पण रस्ते अपघातात २०२२ या एका वर्षात १,६८,००० हून जास्त गेली. तरी घोडबंदर रोडवर डंपरला खेटून दुचाकी घालताना पोटात गोळा येत नाही. रस्त्यावरून वेगाने धावणारी मोटार आपल्या वंशाला फार तर शे-सव्वाशे वर्षं माहीत आहे. तिच्यापासून जपण्याची सवय नियम, दंड आणि सरावाने लावावी लागते. आपोआप भीती वाटेल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

भाजीचंही तसंच. दोन वर्षांच्या आसपास मूल हिरव्या भाज्या नाकारायला लागतं, आधी आवडीने खाल्लेल्यासुद्धा. चालायला लागलेलं मूल आईच्या नजरेआड काहीही तोंडात घालू शकतं, आणि वनस्पतींचं विष बहुधा कडू असतं. म्हणून अनोळखी आणि कडू नाकारणारा ठोकताळा त्या वयात जोर धरतो, अशी मांडणी आहे. तिला आधार देणारी निरीक्षणं आहेत. ८ ते १८ महिन्यांची बाळं इतर वस्तूंना जितक्या पटकन हात लावतात तितक्या पटकन रोपांना लावत नाहीत. आणि मोठ्या माणसाने झाडाचं फळ तोंडात घातलेलं पाहिलं, तर तेच खाण्याजोगं मानतात. आईबापांना यातून करण्याजोगं काही मिळतं. तीच भाजी, एक-दोन घास एवढीच, कुठलीही सक्ती न करता, आठ ते पंधरा वेळा समोर यायला हवी, आणि मोठ्यांनी ती त्याच ताटात मुलासमोर खायला हवी. बहुतेक घरं तीन-चार नकारांनंतर थांबतात. ‘पालक खाल्लास तर चॉकलेट’ म्हटलं की पालक हा सोसण्याचा पदार्थ ठरतो. आणि मूल आजारी असताना नवा पदार्थ सुरू करू नये, कारण मळमळीचा दोष त्या चवीला चिकटतो.

सत्रात हातात काही द्यायचं असेल तर पीटीसी (फिनाइलथायोकार्बामाइड) या रसायनाच्या चवपट्ट्या घ्या, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्यांकडे मिळतात. पट्टी जिभेवर ठेवली की काहींना जहर कडू लागते, काहींना नुसता कागद. फरक मुख्यतः एका ग्राही-जनुकातल्या भेदाने पडतो. सोबत साध्या कागदाची पट्टीही द्या, नाहीतर शेजारचा तोंड वाकडं करतोय हे पाहून सगळ्यांनाच कडू लागतं.

आणखी एक, थोडक्यात. वर्तनामुळे कुठली जनुकं पसरतात तेही बदलतं, हेही सांगा. दूध पचवणारं विकर सस्तन प्राण्यांत दूध सुटल्यावर कमी होतं. गुरं पाळणाऱ्या समाजांत ते मोठेपणीही चालू ठेवणारा बदल गेल्या काही हजार वर्षांत पसरला. भारतात तो वायव्येकडे जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी. दही-ताकाने ही अडचण बरीच कमी होते, कारण विरजणात दुधातली साखर थोडी कमी होते आणि त्यातले जिवाणू पचनाला हातभार लावतात.

पडताळा (नेरूळ)

शेवटचा प्रश्न तुम्ही महत्त्वाचा म्हणालात, तो खरोखरच आहे. गुल्ड आणि लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञांनी १९७९ साली याच सवयीवर टीका केली होती. प्रत्येक गुण कशासाठी तरी निवडला गेला असं धरून चालायचं आणि मग कारण शोधत बसायचं. काही गुण दुसऱ्या कशाच्या सोबतीने आलेले असतात, काही योगायोगाने टिकलेले.

फरक करायची रीत मुलांकडून करून घ्या. आपल्याकडची प्रथा घ्या: पहिलं बाळंतपण माहेरी. चटकन सुचणारी उत्क्रांतीची गोष्ट अशी: आईच्या आईला नातवंड आपलंच असल्याची खात्री असते, वडिलांच्या आईला ती तितकी नसते, म्हणून माहेरची माणसं जास्त झटतात. ऐकायला पटतं. आता हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं, ते कागदावर लिहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाळंतपणालाही ही खात्री तेवढीच लागू आहे, मग तीही माहेरी व्हायला हवीत. प्रथा मात्र मुख्यतः पहिल्याची आहे. दुसरं गृहीतक: सासरी नव्या सुनेला कामातून सुटका आणि विश्रांती मिळत नाही, पहिल्या वेळी ती अननुभवी असते, म्हणून माहेर. त्यावरून भाकीत निघतं: जिथे सून वेगळ्या घरात राहते आणि हाताशी मदत आहे तिथे प्रथा सैल पडेल. उलट आईच कळंबोलीच्या फ्लॅटवर येऊन राहील. पहिलं गृहीतक इथे हरतं असं मी म्हणत नाही. आजीचा हातभार जगभर नोंदला गेला आहे, आणि बऱ्याच समाजांत आईची आई जवळ असताना नातवंडं जास्त जगल्याचं दिसतं. पण ही विशिष्ट प्रथा त्याने समजते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. भाकीत आधी लिहायचं, माहिती नंतर गोळा करायची. क्रम उलटला की सगळंच पटायला लागतं.

जिथे अशी स्पष्टीकरणं देणारे लोक सर्वांत जास्त चुकतात ती जागा म्हणजे आनुवंशिकतेचा टक्का. तो टक्का एका समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकांपैकी किती भाग जनुकभेदाने समजतो, एवढंच सांगतो. हाताला पाच बोटं असणं पूर्णपणे जनुकांच्या आराखड्यातून येतं, पण बोटांच्या संख्येतला फरक बहुतेक यंत्रात बोट गेल्याने पडतो. त्यामुळे तिथे हा टक्का फार कमी येईल. उलट उंचीत तो खूप जास्त असतो, तरी आहार सुधारला की अख्खी पिढी उंच होते. यावरून दोन समाजांच्या सरासरीतल्या फरकाबद्दल काहीही निष्कर्ष काढता येत नाही.

हे आपल्याकडे स्पष्ट सांगायलाच हवं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची वांशिक उतरंड लावली होती. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी १९३२ साली त्या पद्धतीतल्या खोट दाखवल्या, आणि १९४८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी अशाच मापांच्या आधारे अस्पृश्यता वंशातून आलेली नाही हे मांडलं. ‘योग्यतमाचा टिकाव’ हा शब्दप्रयोगही मुळात हर्बर्ट स्पेन्सर यांचा, १८६४ सालचा. योग्य म्हणजे त्या परिस्थितीत जास्त संतती मागे ठेवणारा, एवढाच जीवशास्त्रातला अर्थ. श्रेष्ठ, सबळ, लायक यांपैकी काहीही त्यात नाही. बारावीतला मुलगा जर ‘पुरुष असेच असतात, निसर्गच तो’ म्हणाला, तर त्याला कमळपक्षी दाखवा. तळ्यांवरचा हा पक्षी; यात नर अंडी उबवतो, पिल्लं सांभाळतो, आणि मादी नरांसाठी भांडते. पिल्लांवर ज्याची गुंतवणूक जास्त तो जोडीदार निवडताना चोखंदळ, हे जीवशास्त्रज्ञ ट्रिव्हर्स यांनी १९७२ साली मांडलेलं तत्त्व आहे, त्यात नर-मादी हे शब्द नंतर येतात. माणसात दोघांचीही गुंतवणूक मोठी आहे. आणि एखादं वागणं निवडीने टिकलं, यावरून ते चांगलं किंवा क्षम्य ठरत नाही. गोड आवडणं निवडीने आलं म्हणून मधुमेह्याला कुणी जिलबी वाढत नाही.

खाडीकाठ (नौपाडा, ठाणे प.)

सगळ्यांचे मनापासून आभार. मामेबहिणीचं आणि माहेरच्या बाळंतपणाचं उदाहरण नक्की घेणार. एक राहिलं. नात्यात नसलेल्यांशी सहकार्य कसं टिकतं, यावर मुलांना पंचवीस-तीस मिनिटांत करता येईल असा खेळ आहे का? साहित्य कमीत कमी हवं.

गुणसूत्र (वाशी)

आहे. प्रत्येकाला दोन कार्डं द्या, ‘साथ’ आणि ‘दगा’. जोड्या लावा. दोघांनी एकाच वेळी एक कार्ड उलगडायचं. दोघांची साथ: तीन-तीन गुण. दोघांचा दगा: एक-एक. एकाची साथ आणि दुसऱ्याचा दगा: दगा देणाऱ्याला पाच, दुसऱ्याला शून्य. आकडे बदलू नका. पाच, तीन, एक, शून्य ही उतरण हवी, आणि तीनची दुप्पट पाचपेक्षा जास्त राहायला हवी, नाहीतर आळीपाळीने फसवणंच फायद्याचं ठरतं.

पहिला डाव एकाच फेरीचा, दर वेळी नव्या जोडीदारासोबत. दगा वाढत जाईल. दुसरा डाव त्याच जोडीदाराशी, पण शेवट कधी हे कुणालाही सांगायचं नाही. फेऱ्यांची संख्या जाहीर केलीत तर शेवटच्या फेरीत दगा, म्हणून त्याच्या आधीच्याही फेरीत, असं करत सगळा डाव ढासळतो. त्यासाठी फासा वापरा. प्रत्येक फेरीनंतर टाका, सहा पडले की डाव बंद. म्हणजे पुढची फेरी होण्याची शक्यता ५/६. या गुणांत ‘जशास तसं’ (आधी साथ, मग समोरच्याने मागच्या वेळी केलं तेच) हा डावपेच टिकायला ती किमान २/३ हवी. म्हणून तिसऱ्या डावात फाशाऐवजी नाणं उडवा, शक्यता १/२ वर येते, आणि साथ कमी होते का ते मोजा. आधी भाकीत लिहून घ्या, पडताळा म्हणतात तसं. ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली परतफेडीच्या सहकार्याबद्दल जे मांडलं त्याचा गाभा हाच: पुन्हा भेट होण्याची शक्यता.

रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर अशाच स्पर्धा घेतल्या. पहिलीत चौदा, दुसरीत बासष्ट डावपेच आले, आणि दोन्ही वेळा अनातोल रापोपोर्ट यांचा सर्वांत छोटा डावपेच जिंकला: पहिल्यांदा साथ, मग समोरच्याने मागच्या वेळी केलं तेच. त्याची उणीवही दाखवा. एखाद्या जोडीत एकाला मुद्दाम एकदा चुकीचं कार्ड टाकायला सांगा; दोघंही जशास तसं खेळत असतील तर एक दगा, एक साथ अशी साखळी थांबतच नाही. उपाय म्हणजे अधूनमधून माफ करणं. या गुणांत साधारण तीनपैकी एकदा. फाशावर एक किंवा दोन पडले तर दगा विसरायचा.

खेळताना मुलं बोलतात, खुणा करतात, त्याने सगळं बिघडतं. पहिले तीन डाव पूर्ण शांततेत घ्या. गुण फळ्यावर लिहू नका, नाहीतर मुलं स्वतःचे गुण वाढवायचं सोडून शेजाऱ्याला हरवायला बघतात. चौथा डाव मात्र उलटा: कुणी किती वेळा दगा दिला ते फळ्यावर लिहा आणि जोडीदार निवडायची मोकळीक द्या. नावलौकिकाचा परिणाम तिथे दिसतो. मग ठाणे-वाशी लोकलमधल्या चौथ्या सीटवर (तिघांच्या बाकावर सरकून चौथ्याला दिलेली जागा) या. सकाळच्या ठरलेल्या गाडीत रोजच्या चेहऱ्यांना लोक सरकून जागा देतात. दुपारच्या अनोळखी गर्दीत ते प्रमाण कमी असेल का? मुलांना भाकीत करू द्या आणि आठवडाभर दोन्ही गाड्यांत नोंदी ठेवायला सांगा: विचारलं की नाही, सरकले की नाही, एवढे दोनच रकाने. डब्यात रिकामी जागा असलेल्या फेऱ्या वगळा, आणि वयस्कर किंवा गरोदर प्रवाशांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, तिथे परतफेडीची अपेक्षा कुणी करत नाही.

आपल्या गटात जे दिसेल ते सगळ्या मानवजातीला लावू नका. हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी पंधरा छोट्या समाजांत पैसे वाटून घेण्याचा खेळ घेतला. पेरूच्या मचिगेंगा लोकांत सरासरी देऊ केलेला वाटा सुमारे २६ टक्के निघाला, इंडोनेशियातल्या लामालेरा गावात निम्म्याहून जास्त. लामालेराचे लोक देवमाशाची शिकार मिळून करतात आणि वाटून खातात. मचिगेंगांचं जगणं बरंचसं कुटुंबापुरतं. साथ देण्याची क्षमता सगळ्यांत आहे, तिचं माप रोजचं जगणं ठरवतं.

वेळेचं म्हणाल तर चार डावांना पंचवीस मिनिटं लागतात. पंचवीस मुलं असतील तर एक उरतो, त्याला फासा टाकायला आणि नोंदी ठेवायला बसवा.